नौपाड्यातील शरीराधारित मानसोपचार: सत्रे जरूर घ्यावीत, शिबिर टाळावे

ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रस्त्याच्या मागच्या एका गल्लीत, पुनर्विकासाची वाट पाहणाऱ्या जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक मानसोपचार केंद्र आहे. तिथे बोलण्याच्या जोडीला शरीरातील संवेदना, श्वास आणि हालचाल यांच्या आधाराने मनावरचा ताण मोकळा करण्याचे उपचार केले जातात. केंद्राच्या सेवा दोन: मानसशास्त्रज्ञांबरोबर होणारी तासाभराची वैयक्तिक सत्रे आणि महिन्यातून एका रविवारी घोडबंदर रस्त्यावरील सभागृहात भरणारे ‘भावनामुक्ती’ शिबिर. मी दोन्ही घेतल्या. सत्रे मी ओळखीच्या कोणालाही निःशंकपणे सुचवीन आणि शिबिराला मात्र कोणाला जाऊ देणार नाही, असे माझे मत झाले आहे. केंद्राचे नाव मी देत नाही, कारण शिबिराविषयी मला बरेच कठोर लिहायचे आहे आणि केंद्राची बाजू येथे सविस्तर मांडली जाणार नाही. शिवाय याच धर्तीची केंद्रे आता वाशी, खारघरपर्यंत निघाली आहेत, तेव्हा निवड करताना काय पाहावे हे सांगणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

मी तिथे का गेले, ते थोडक्यात सांगते. करोनाच्या २०२१ मधील दुसऱ्या लाटेत माझे वडील रुग्णालयात होते. नातेवाइकांना आत सोडत नसत आणि दिवसाची खबर रात्री फोनवर मिळत असे. ते गेल्यानंतरही रात्री फोन वाजला की माझ्या छातीत धस्स होई, दातांवर दात घट्ट बसत आणि डावा खांदा कानाकडे चढे. फोन दूधवाल्याचा असला तरी पुढचा तासभर वाया जाई. ईसीजी आणि थायरॉइडच्या तपासण्या नीट आल्या. त्याआधी मी समुपदेशनही घेतले होते आणि त्याचा उपयोग झाला होता. काय घडले, त्यात कोणाच्या हातात काय होते, हे सगळे मला शांतपणे सांगता येत होते. फोन वाजल्यावर मात्र त्या शहाणपणाचा काडीचा उपयोग होत नसे. ही तक्रार ऐकून आमच्या फॅमिली डॉक्टरांनी या पद्धतीचे नाव काढले.

ठाणेकरांना मानसोपचार हा विषय नवा नाही. येथील मनोरुग्णालय १९०१ पासून आहे आणि त्यामुळे ‘ठाण्याला भरती करा’ ही थट्टा महाराष्ट्रभर आपल्या वाट्याला आली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ (आयपीएच) या संस्थेमुळे समुपदेशकाकडे जाणे हे येथील बऱ्याच मराठी घरांत तसे रुळले आहे. शरीराच्या वाटेने मनाकडे जाणारे उपचार मात्र अजून अनेकांना योगवर्ग आणि मालिश यांच्या मधले काहीतरी वाटतात. माझ्या जाऊबाईंनी तर ‘म्हणजे फिजिओ का?’ असेच विचारले.

या उपचारांचा इतिहास माहीत असला, तर एकाच छताखाली इतक्या वेगळ्या दर्जाच्या दोन सेवा कशा नांदतात, याचा उलगडा होतो. मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांच्या परिवारातील विल्हेल्म राइश यांनी १९३० च्या दशकात असे मांडले की, दाबून ठेवलेल्या भावनांपुढे माणूस स्नायूंचे जणू चिलखत उभे करतो: आवळलेला जबडा, वर उचललेली छाती, ताठ मान. पुढे ते ‘ऑर्गोन’ नावाच्या वैश्विक ऊर्जेच्या पेट्या वापरू लागले, अमेरिकेतील न्यायालयाचा त्याविरुद्धचा आदेश मोडल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली आणि १९५७ मध्ये तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे शिष्य अलेक्झांडर लोवेन यांनी लाथा झाडणे, उशा बडवणे, ओरडणे यांचा उपचारात समावेश केला, तर आर्थर जानोव्ह यांनी १९७० च्या सुमारास ‘आदिम किंकाळी’ची, म्हणजे किंचाळून जुने दुःख बाहेर काढण्याच्या उपचाराची, लाट आणली. ही झाली जोरजोराने बाहेर काढण्याची परंपरा. दुसरी परंपरा अगदी हळू चालणारी आहे. यूजीन जेंडलिन यांनी शिकागोत रुग्णांच्या सत्रांचा अभ्यास करताना पाहिले की, बोलता बोलता थांबून शरीरात काय जाणवते आहे ते चाचपडणाऱ्या लोकांना उपचारांचा अधिक लाभ होतो. पीटर लेविन यांची ‘सोमॅटिक एक्सपिरिअन्सिंग’ आणि पॅट ऑग्डेन यांची ‘सेन्सरिमोटर’ पद्धत साधारण याच वाटेने पुढे गेल्या. नौपाड्यातील सत्रे या दुसऱ्या परंपरेतील आहेत, आणि शिबिर सरळसरळ पहिल्या.

पहिल्या भेटीत उपचार असा काही झालाच नाही आणि ते मला आवडले. तेथील मॅडमनी झोप, औषधे, जुनी आजारपणे, घरातील माणसे यांची सविस्तर नोंद घेतली, ईसीजीचा कागद पाहिला आणि रक्तदाबाची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही, हे दोनदा बजावले. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेकडील त्यांच्या नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर होते. हे पाहणे फार आवश्यक आहे, कारण शरीराधारित पद्धतींची प्रशिक्षणे, अगदी तीन-तीन वर्षांचीसुद्धा, मानसशास्त्राची पदवी नसलेले लोकही पूर्ण करतात, आणि असे प्रमाणपत्र म्हणजे मानसोपचार करण्याचा परवाना नव्हे. संमतिपत्र मराठीत होते आणि त्यात स्पर्शाविषयी स्वतंत्र परिच्छेद होता: स्पर्श आवश्यक वाटल्यास त्या वेळी विचारले जाईल, नकाराचे कारण द्यावे लागणार नाही, आणि आधी दिलेला होकार कधीही मागे घेता येईल. माझ्या सत्रांत स्पर्शाची वेळ एकदाच आली, दोन्ही खांद्यांवर तळहात टेकवण्यापुरती, आणि तेव्हाही ‘ताई, मी हात ठेवला तर चालेल का? नको असेल तर नुसते मान हलवा,’ असे विचारून त्या माझ्या उत्तरासाठी थांबल्या.

प्रत्यक्ष काम कसे चालते, ते एका प्रसंगावरून सांगते. सत्र चालू असताना शेजारच्या पाडकामात ड्रिल सुरू झाले. मी वैतागून खिडकीकडे पाहिले. मॅडमनी खिडकी लावली नाही; ‘आता खांदे कुठे आहेत?’ एवढेच विचारले. ते कानाजवळ होते. ‘खाली आणू नका. ते किती वर आहेत, कुठला जास्त वर आहे, श्वास चालू आहे का, एवढेच पाहा.’ श्वास मी रोखून धरला होता आणि ते मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते. मग त्यांनी पायांकडे लक्ष न्यायला सांगितले, टाचा फरशीवर टेकल्या आहेत का, फरशी गार लागते का. ड्रिल चालूच होते आणि थोड्या वेळाने डावा खांदा आपणहून उतरला. मी उतरवला नाही, तो उतरला. गोंगाटाच्या इमारतीत असे उपचार घ्यावेत का, ही माझी मूळ शंका होती. ध्वनिरोधक खोली असती तर बरे झाले असते असे मी आजही म्हणते, पण अडचणीचा असा उपयोग करून घेणारी व्यक्ती जाणकार असते, हे मान्य करायला हवे.

फोनवरचे काम याच पद्धतीने, फार सावकाश झाले. इस्त्री तापली आहे का हे पाहायला ओले बोट टेकवून लगेच उचलावे, तसा प्रत्येक वेळी त्रासाचा अगदी थोडा अंश समोर आणायचा आणि परत मागे यायचे. प्रथम फोन दुसऱ्या खोलीत बंद ठेवला आहे अशी नुसती कल्पना; मग तो समोरच्या मेजावर पालथा; पुढे कधीतरी त्याची रिंग, तीही अगदी बारीक आवाजात. मध्येच माझे तळहात काहीतरी लोटायला निघाल्यासारखे ताठ झाले, तेव्हा मॅडमनी मला भिंतीपाशी उभे केले आणि तळव्यांनी भिंत हळूहळू ढकलायला सांगितली, जितक्या सावकाश जमेल तितक्या. दंडांना कापरे भरले, डोळ्यांना धार लागली आणि लगोलग जांभया येऊ लागल्या. मला वाटले, आता खरे काम सुरू झाले. मॅडम म्हणाल्या, ‘आज इतकेच पुरे.’ उरलेला वेळ पाणी पिण्यात आणि खिडकीतून दिसणाऱ्या वस्तूंची नावे सांगण्यात गेला. त्या दिवशी पैसे फुकट गेल्यासारखे वाटले होते, हे नोंदवून ठेवते, कारण नव्याने जाणाऱ्या अनेकांना तसे वाटेल. रडू फुटले की त्याला आणखी वाट द्यावी, हा आपला समज इतका पक्का असतो की वेळीच थांबवणारा माणूस कामचुकार वाटतो.

यामागची कारणे मॅडमनी विचारल्यावरच सांगितली, आणि बेताने सांगितली. धोक्याची चाहूल लागताच अनुकंपी मज्जासंस्था हृदयाची गती वाढवते, स्नायू ताणते, श्वास वर चढवते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये ‘लढा किंवा पळा’ असे जिचे वर्णन केले ती हीच प्रतिक्रिया. वडील आत आणि आपण बाहेर अशा अवस्थेत लढायलाही कोणी नसते आणि पळायलाही जागा नसते; ती तयारी तशीच राहून जाते आणि पुढे एखाद्या खुणेसरशी पुन्हा उभी राहते. ती खूण थोडी थोडी, सुरक्षित जागी, शरीराकडे लक्ष ठेवून अनुभवली की तिची धार कमी होऊ शकते. श्वास सोडताना तो लांबवला की मेंदूतून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नाडीच्या (मज्जातंतूच्या) प्रभावामुळे हृदयाची गती क्षणभर मंदावते, हे तर मनगटावर बोट ठेवून कोणालाही पाहता येईल.

केंद्राच्या स्वागतकक्षातील माहितीपत्रक मात्र इतके संयत नाही. ‘न बोललेले दुःख कमरेच्या स्नायूंत साठते’ असे त्यात छापले आहे. आठवणी स्नायूंत साठतात याला पुरावा नाही. त्या मेंदूत असतात, आणि सवयीने आवळलेले स्नायू ही वेगळी गोष्ट आहे. पत्रकातील व्हेगस नाडीची रंगीत आकृती ज्या सिद्धान्तावर बेतलेली आहे, तो मानसशास्त्रज्ञ स्टीफन पोर्जेस यांचा १९९४ मधील ‘पॉलिव्हेगल’ सिद्धान्त उपचारकांमध्ये लोकप्रिय असला, तरी शरीरक्रियाशास्त्रज्ञांमध्ये वादग्रस्त आहे. या पद्धतींचे संशोधन आहे, पण तुटपुंजे. लेविन यांच्या पद्धतीची इस्राएलमध्ये ६३ आघातग्रस्तांवर झालेली आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी अनुकूल आहे. तथापि तिथे तुलना प्रतीक्षायादीतील लोकांशी होती, दुसऱ्या एखाद्या उपचाराशी नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आघातोत्तर तणावविकारासाठी (पीटीएसडी) आघातकेंद्री बोधात्मक वर्तनोपचार (सीबीटी) आणि ईएमडीआर, म्हणजे डोळ्यांच्या हालचालींच्या आधाराने आघाताच्या आठवणींवर काम करणारा उपचार, यांची शिफारस केली, आणि अपघात, अत्याचार किंवा तत्सम प्रसंगानंतर ज्यांना पूर्ण स्वरूपाचा विकार जडला आहे, त्यांनी आधी त्या उपचारांची चौकशी करावी असे मी म्हणेन. मॅडमनीही मला ईएमडीआरचा पर्याय पहिल्याच भेटीत सांगितला होता.

आता शिबिराविषयी. त्याचे शुल्क साडेतीन हजार रुपये, जेवणासह. नोंदणी करताना नाव, वय आणि पैसे भरल्याची पावती यांपलीकडे काही विचारले गेले नाही. शिबिर मॅडम घेत नाहीत. बाहेरून एक प्रशिक्षक येतात, त्यांच्या परिचयात प्रमाणपत्रांची मोठी यादी होती, मानसशास्त्राची पदवी त्यात नव्हती. चाळीसेक माणसे वातानुकूलित सभागृहात गाद्यांवर आडवी झाली, मोठ्या आवाजात ढोलांचे संगीत लागले आणि तोंडाने खोल व भराभर श्वास घ्यायला सांगण्यात आले. ते बराच वेळ चालले. माझ्या शेजारच्या गादीवर विशी-बाविशीतली एक मुलगी होती. तिच्या ओठांभोवती मुंग्या येऊ लागल्या, मग बोटे एकमेकांना चिकटून मनगट आत वळले आणि ती घाबरून रडू लागली. प्रशिक्षक माइकवरून म्हणाले, ‘छान, गाठ सुटते आहे, श्वास असाच चालू ठेवा.’

गाठ वगैरे काही सुटत नव्हती. भराभर श्वासाने शरीरातील कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला जातो, रक्ताची अल्कता वाढते, त्यातील मोकळ्या कॅल्शियमचे प्रमाण घटते आणि मज्जातंतू व स्नायू विनाकारण चेकाळतात. म्हणून मुंग्या, म्हणून आखडलेली बोटे. मेंदूतील रक्तवाहिन्या आकुंचन पावल्याने गरगरते आणि सगळे अंधूक, अद्भुत भासू लागते. एखाद्या निरोगी माणसाला यामुळे बहुधा कायमची इजा होत नाही, पण हृदयविकार, अपस्मार किंवा गरोदरपण असेल तर हा प्रकार धोक्याचा आहे, आणि ज्यांना मुळातच घाबरण्याचे झटके येतात त्यांच्यासाठी तर तो हुबेहूब झटकाच असतो. मी त्या मुलीला उठवून बसवले आणि श्वास हळू घ्यायला लावला. थोड्या वेळात तिची बोटे सुटली. तिला दम्याचा पंप लागतो, हे मला तेव्हा कळले. आयोजकांपैकी कोणालाही ते माहीत नव्हते.

दुपारच्या भागात उशा बडवायच्या होत्या. ज्याच्यावर राग आहे त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा आणि ओरडत मारायचे. सभागृह दणाणून गेले, काही जण खरोखरच हंबरडा फोडून रडले, आणि शेवटी मिठ्या मारताना सर्वांना हलके वाटत होते यात शंका नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांचा २००२ चा प्रयोग मात्र वेगळे सांगतो. ६०० विद्यार्थ्यांना आधी राग आणून दिल्यावर, चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅग बडवणारे सर्वांत अधिक चिडलेले आढळले. काहीही न करता नुसते बसवलेल्यांत आक्रमकता सर्वांत कमी होती. राग बाहेर काढला की संपतो ही कल्पना कितीही पटण्यासारखी वाटली, तरी पुष्कळदा त्याने रागाची तालीमच होते. माझ्या मागच्या रांगेतील एक गृहस्थ परतीच्या वाटेवर, पार्किंगमध्ये गाडी आडवी लावली म्हणून सुरक्षारक्षकावर ज्या आवाजात ओरडले, तो आवाज त्यांनी अर्ध्या तासापूर्वीच उशीवर घोटवला होता.

शिबिरातील सर्वांत मोठा दोष त्यानंतरचा आहे. सायंकाळी सहाला सगळे आपापल्या घरी गेले आणि विषय संपला. कोणाचे काय उघडे पडले, रात्री झोप लागली का, याची विचारपूस करणारा एक फोनही आला नाही. आला तो थेट पुढच्या पातळीच्या शिबिराची सवलत सांगणारा संदेश. सत्रांत मॅडम शेवटची दहा मिनिटे निव्वळ सावरण्यासाठी राखून ठेवतात, ते ज्याने अनुभवले आहे त्याला हा फरक चटकन जाणवेल. तेथून घरी येऊन ज्याला एकट्याला फार जड जाईल, त्याने शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेला १४४१६ वर फोन करावा. ती विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात. वैयक्तिक सत्राचे शुल्क अठराशे रुपये आहे. विद्यार्थ्यांना आणि अडचणीतील लोकांना सवलत मिळते, पण ती मागावी लागते, फलकावर लिहिलेली नाही. पावती न मागता मिळते. ठाणे स्थानकाच्या पश्चिमेकडून चालत जाता येते आणि चालतच जावे, कारण गाडी लावायला जागा मिळणे अशक्य आहे. इमारतीला उद्वाहन नाही. गुडघेदुखी असलेल्यांची या जिन्यावर परीक्षाच होते. प्रतीक्षाकक्ष इतका लहान आहे की आधीचा माणूस डोळे पुसत बाहेर येतो तो थेट आपल्यासमोर, आणि गोपनीयतेविषयी कागदोपत्री इतके दक्ष असलेल्या केंद्राला हे सुचू नये याचे नवल वाटते. सायंकाळच्या वेळा आठवडे आधी भरतात. सकाळच्या वेळा सहज मिळतात, फक्त दहानंतर ड्रिल सुरू होते. ऑनलाइन सत्रेही आहेत, परंतु या पद्धतीसाठी ती मला अपुरी वाटली. पडद्यावर चेहरा तेवढा दिसतो आणि मॅडम ज्या गोष्टींवरून सगळे ताडतात ते हात, पाय आणि बसण्याची ढब चौकटीबाहेर राहते.

फोनचे म्हणाल, तर रात्री रिंग वाजली की अजूनही मी दचकते. आता ते दचकणे रिंगबरोबर येते आणि बोलणे संपेपर्यंत ओसरते. त्यानंतर मी ताटावर परत बसते आणि जेवते. सत्रे लांब लांब अंतराने चालू ठेवली आहेत.

शिबिराविषयीचे सर्व आक्षेप मी केंद्राला लेखी कळवले. उत्तर सौजन्याचे आले: यापुढे नोंदणीच्या वेळी आजार आणि औषधे विचारणारा अर्ज भरून घेतला जाईल आणि ज्यांना धोका संभवतो त्यांना वेगवान श्वसनाच्या भागातून वगळण्यात येईल. पुढच्या महिन्याच्या जाहिरातीत त्या अर्जाचा उल्लेख आला आहे. ‘एका दिवसात वर्षानुवर्षांचे ओझे उतरवा’ ही ओळ मात्र तशीच ठेवली आहे, आणि प्रशिक्षकही तेच आहेत.